शंभरपैकी शंभर, पण सहा पायऱ्या उतरवेनात

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले काही तसेच ठेवले आहे.)



मला आज बोलायला का उभे केले आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. महिन्यापूर्वी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. हाताचा आधार न घेता जमिनीवर बसा आणि तसेच उठा. उठता आले नाही तर तुमचे फार दिवस उरले नाहीत, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत बघतो तर तीन सभासद हिरवळीवर मांडी घालून बसलेले, आणि त्यांतल्या एकाला उठवायला वॉचमनला हाक मारावी लागली. नाव सांगत नाही. ते पहिल्या रांगेतच बसले आहेत.

त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिले की बाबांनो, ही चाचणी खरी आहे, पण तिचा अर्थ तो नाही. झाले! लगेच फर्मान आले की मग खरा अर्थ काय तो पुढच्या सभेत तुम्हीच सांगा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालो आणि छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली निम्मी कर्ज आणि तपासणी खात्यात गेली. म्हणजे माणसाकडे बघून आकडा लावायचा आणि नंतर तो आकडा बरोबर होता का ते बघायचे, हाच धंदा. गेली तीन वर्षे मात्र मी वेगळ्या आकड्यांत राहतो आहे. सौ.ला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून. तुम्ही सगळ्यांनी त्या काळात डबे दिलेत, रात्री-अपरात्री गाड्या काढल्यात, ते मी विसरलेलो नाही. पण आज विषय तो नाही. आज विषय आहे तिच्या फायलीत जे गुण लिहिले गेले त्यांचा.

जानेवारीत झटका आला. डावी बाजू गेली. पहिल्या आठवड्यात तिच्या कागदावर लिहिले होते : बार्थेल २०. मी विचारले, कशापैकी? म्हणाले, १०० पैकी. नापासच की, असे मनात आले. मार्चमध्ये तो आकडा ७० झाला आणि एप्रिलमध्ये पूर्ण १००. शंभरपैकी शंभर! मी पेढे वाटले होते, काहींना आठवत असेल. आणि त्या शंभरावर विसंबून मी मे महिन्यापासून दिवसभराची बाई बंद केली. पंधरा दिवसांत सौ. न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही हे नशीब. पण त्या दिवशी फरशीवर तिच्याशेजारी बसून मी जो विचार करत होतो तो हाच, की शंभरपैकी शंभर मिळालेले माणूस पडते कसे?

आता हे बार्थेल काय आहे ते सांगतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यात दीर्घकाळच्या आजारांची सरकारी रुग्णालये होती. तिथे फ्लॉरेन्स महोनी नावाच्या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल नावाच्या फिजिओथेरपिस्ट, या दोघींनी मिळून ही मोजपट्टी तयार केली. १९५५ पासून तिथे ती वापरात होती आणि १९६५ साली ती छापून प्रसिद्ध झाली. दहा बाबी आहेत. जेवण, आंघोळ, दात-केस-दाढी, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणे, सपाटीवर चालणे आणि जिना. प्रत्येक बाबीला ०, ५, १० असे गुण; पलंग-खुर्ची आणि चालणे या दोन्हींना १५ पर्यंत; आंघोळ आणि दात-केस यांना मात्र फक्त ५. बेरीज १००. पाच मिनिटांत होते, कसले यंत्र लागत नाही, म्हणून इतकी वर्षे झाली तरी जगभर चालते आहे. साधी गोष्ट टिकते. आपली चोपडी नाही का, संगणक आले तरी कोपऱ्यावरचा वाणी अजून तीच काढतो.

सौ. पडल्यानंतर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. हुशार मुलगी. पहिल्या दिवशी तिने पुन्हा बार्थेल भरले आणि आकडा आला ८५. मी म्हणालो, अगं, महिन्यापूर्वी शंभर होते, इतके कसे उतरले? ती म्हणाली, "काका, काकू उतरल्या नाहीत, प्रश्न बदलला."

पंधरा गुण कुठे गेले ते तिने मला एकेक करून दाखवले, व्हाउचर दाखवावे तसे. आंघोळीचे ५. रुग्णालयाच्या न्हाणीघरात भिंतीला दांड्या, बसायला स्टूल, हाताशी शॉवर. तिथे ती स्वतः आंघोळ करत होती, यात खोटे काही नाही. घरी आपली बादली, तांब्या आणि गुळगुळीत फरशी. पडल्यापासून तर मीच अंघोळ घालत होतो. कपड्यांचे ५. रुग्णालयात गाऊन होता. घरी आल्यावर तिने साडीच नेसायचा हट्ट धरला, आणि निऱ्या एका हाताने होत नाहीत. ब्लाउजचे हूक तर दोन हात धड असलेल्या मलाही लागत नाहीत. बायका हसताहेत, त्यांना कळले. उरलेले ५ जिन्याचे. त्याकडे मी नंतर येतो, कारण त्यात आपल्या सोसायटीचाही संबंध आहे.

म्हणजे रुग्णालयाने विचारले होते, यांना जमते का? आणि या मुलीने विचारले, त्या रोज करतात का? हे दोन प्रश्न एक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जे वर्गीकरण स्वीकारले त्यातही हा भेद केला आहे : ठरावीक परिस्थितीत माणसाला काय करता येईल ती त्याची क्षमता, आणि स्वतःच्या जागी तो खरोखर काय करतो ती त्याची कृती. बार्थेलच्या बाबतीत १९८८ साली इंग्लंडमधल्या तज्ज्ञांनी स्पष्टच लिहिले की काय करता आले असते हे नोंदवू नका, काय केले जाते ते नोंदवा. आमच्याकडे कर्जाच्या अर्जात अंदाजित विक्री असते आणि वर्षअखेरीला खरी विक्री असते. दोन्ही कागद खरेच. पण पहिल्यावरून दुसऱ्याचा चेक फाडायचा नसतो. मी आयुष्यभर लोकांना हे शिकवले आणि घरी नेमके तेच केले.

माझी पुतणी डॉक्टर आहे. तिने मला तो १९६५ चा मूळ लेख छापून आणून दिला. छोटासाच आहे. त्यात त्या दोघींनी स्वतःच सांगून ठेवले आहे की शंभर गुण मिळालेल्या माणसाला मदतनीस नसला तरी चालेल, पण याचा अर्थ तो एकटा राहू शकतो असा नाही. स्वयंपाक, घर सांभाळणे, चार लोकांत मिसळणे हे त्याला जमेलच असे नाही. म्हणजे अटी पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. आपण कर्जरोख्याची शेवटची पाने वाचत नाही, तसेच हे.

याला या शास्त्रात छत लागणे म्हणतात. मोजपट्टी ज्या उंचीपर्यंत आखली आहे तिच्यापेक्षा माणूस उंच झाला की सगळे सारखेच दिसतात. बार्थेलवर शंभर मिळालेला एक माणूस सकाळी तळ्याला चार फेऱ्या मारतो, दुसरा दारातल्या पायरीवर थांबतो; कागदावर दोघे बरोबरीत. उलट टोकाला जमीन लागते. अगदी अंथरुणाला खिळलेल्या माणसात थोडी सुधारणा झाली, मान धरायला लागला, कुशीवर वळायला लागला, तरी बार्थेल शून्यच दाखवील. घरच्यांना मात्र तो फरक दिसत असतो आणि त्यांना वाटते डॉक्टरांना काही दिसतच नाही. डॉक्टरांना दिसते हो, पट्टीला दिसत नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात 'फिम' नावाची जास्त बारीक पट्टी निघाली. १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७. त्यात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त १२६. शून्य नाहीच. सौ.ला मी म्हणालो, बघ, इथे काही न करता १८ चा मिनिमम बॅलन्स मिळतो.

आता एक गंमत. रोजच्या व्यवहारांची आणखी एक प्रसिद्ध यादी आहे, लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ ची. त्यात फोन लावणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशाचे व्यवहार अशा आठ गोष्टी. पण पुरुषांना गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे गाळायचे असा मूळ प्रघात! मी हे मोठ्याने वाचून दाखवले तर सौ. म्हणाली, "बरोबर आहे. नाहीतर तुम्हाला झटका न येताच शून्य मिळाले असते." बोलणे तिचे सुरुवातीला अडखळत होते, पण हे वाक्य अगदी सुरळीत आले.

हसण्यावारी नेऊ नका, कारण मुद्दा गंभीर आहे. प्रश्न कोणाच्या घरात बसून तयार केले यावर उत्तर अवलंबून असते. हरियाणात बल्लभगडला खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांचा स्मृतिभ्रंशासाठी अभ्यास झाला, तेव्हा या परदेशी याद्या तिथे चालेनात. जिने आयुष्यात फोन लावला नाही, चेक लिहिला नाही, त्या म्हातारीला ते जमते का असे विचारून काय कळणार? म्हणून तिथल्या लोकांच्या रोजच्या वागण्यावरून वेगळी प्रश्नावली बांधली आणि १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. आपल्याकडेही बघा. पाश्चात्त्य कमोडवरून उठणे ही एक गोष्ट, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसून उठणे ही दुसरी. पाटावर बसून पूजा करणे ही तिसरी. सौ. पहिल्यात पास, बाकी दोन्हींत नापास. बार्थेलला बाकीच्या दोन्ही ठाऊकच नाहीत.

आता घड्याळाकडे येतो. बार्थेलमध्ये माणसाचे मत असते, घड्याळ मत देत नाही, म्हणून मला घड्याळाच्या चाचण्या आवडल्या. एक चाचणी सगळ्यांनी ऐकून ठेवा, इंग्रजीत 'टाइम्ड अप अँड गो' म्हणतात. हातांची खुर्ची, बसायची जागा जमिनीपासून साधारण ४६ सेंटिमीटर. समोर ३ मीटरवर खूण. 'चला' म्हटले की उठायचे, खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचे, वळायचे, परत यायचे, बसायचे. नेहमीची चप्पल, काठी वापरत असाल तर काठी. किती सेकंद लागले ते लिहायचे. बस्स. १९८६ साली ही चाचणी पहिल्यांदा आली तेव्हा त्यात घड्याळ नव्हते. बघणाऱ्याने १ ते ५ असा शेरा द्यायचा. एकाचा २ तो दुसऱ्याचा ३ व्हायचा. म्हणून १९९१ साली कॅनडात पॉडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी तिला स्टॉपवॉच लावले. २० सेकंदांच्या आत करणारे बहुतेक उठ-बस, ये-जा स्वतः करत होते. ३० च्या वर जाणाऱ्यांना बऱ्याच गोष्टींत मदत लागत होती, असे त्यांना आढळले.

मी घरात खडूने तीन मीटरची रेघ मारली आणि रोज सकाळी मोजायला बसलो. वहीत तारीखवार नोंद. पहिल्या दिवशी ३१ सेकंद. काही दिवसांनी २४. मग एके दिवशी २२, आणि मी मुलाला फोन करून सांगितले की आईत सुधारणा आहे. दुसऱ्या दिवशी २५. फोन करायचे धाडस झाले नाही.

त्या मुलीने माझी वही चाळली आणि म्हणाली, "काका, एकाच सकाळी तीनदा मोजा." मोजले : २२, २५, २१. अर्ध्या तासात सौ. बरी झाली नाही, बिघडली नाही आणि पुन्हा बरी झाली नाही. म्हणजे त्या चार सेकंदांच्या आतले काहीच खरे धरायचे नाही. तो मोजण्याचा हेलकावा. हेलकाव्यापेक्षा मोठा फरक दिसला तरच बदल म्हणायचा. पहिल्या दिवसाचे ३१ सोडले तर माझ्या महिनाभराच्या नोंदींमधला एकही चढ-उतार त्या कसोटीला उतरला नाही. दोन महिन्यांनी मात्र आकडे १७, १९, १८ असे येऊ लागले आणि ते खाली गेले ते गेलेच. तेव्हा मुलाला फोन केला.

सुट्टीत नातू आला होता. त्याच्याही हातात घड्याळ दिले. त्याचा आकडा माझ्यापेक्षा दर वेळी दोनेक सेकंदांनी जास्त. भांडण झाले. मग कळले, तो 'चला' म्हणताना बटण दाबत होता आणि मी तिची पाठ खुर्चीवरून सुटली की. आता बघा, माझे आकडे चढले की त्याचेही चढत, उतरले की उतरत. कोणी म्हणेल दोघांचे उत्तम जुळते. पण एक रोखपाल रोज दुसऱ्यापेक्षा शंभर रुपये कमी मोजत असेल, तर दोघांचे आकडे वर-खाली एकत्रच जातील, आणि तरी रोज संध्याकाळी शंभर रुपयांचा घोळ असेल. याला जुळणे म्हणायचे का? १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी वैद्यकातल्या लोकांना हेच समजावून सांगितले, की दोन मोजमापे सोबत हलतात म्हणजे ती एकच उत्तर देतात असे नाही. दोघांतला फरक काढा आणि तो किती पसरतो ते बघा. तो लेख वैद्यकात फार गाजला. आमच्या हेड कॅशिअरला हे कॉलेजात न जाता कळत होते.

घड्याळाचेही कौतुक किती करायचे त्याला मर्यादा आहे. याच चाचणीवरून कोण पडणार ते सांगता येते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. अमेरिकेत १२ सेकंदांची रेघ धरतात. दुसरी एक १३.५ सेकंदांची रेघ फार प्रसिद्ध आहे. ती १३.५ ची रेघ आली कुठून? २००० सालच्या एका अभ्यासातून, ज्यात जेमतेम ३० माणसे होती. १५ जण आधीच वारंवार पडलेले आणि १५ कधी न पडलेले. या दोन गटांना वेगळे करणारा आकडा काढला. आता हे म्हणजे बुडीत झालेली १५ खाती आणि उत्तम चाललेली १५ खाती समोर घेऊन सूत्र बसवण्यासारखे आहे. बसणारच! पण उद्या काउंटरवर येणारा नवा कर्जदार बुडेल का, ते त्या सूत्राला विचारून बघा. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असेच दिसले की, धडधाकट म्हाताऱ्यांमध्ये कोण पडेल ते या चाचणीवरून फारसे ओळखता येत नाही. चाल किती सावकाश झाली आहे हे ती चांगले सांगते. पुढचे भविष्य तिला विचारू नये.

तोलाची म्हणून एक वेगळी चाचणी आहे, कॅथरीन बर्ग यांची, १९८९ ची. १४ कृती, प्रत्येकी ४ गुण, एकूण ५६. डोळे मिटून उभे राहणे, एका पायावर उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे, वगैरे. फार उपयोगी. पण त्या चौदांत प्रत्यक्ष चालणे नाही, हे मला कोणी सांगेपर्यंत लक्षात आले नव्हते. आपण पडतो ते बहुधा चालताना.

आता तो व्हिडिओ. ती चाचणी ब्राझीलचे डॉ. क्लाउडिओ जिल अराउजो यांची. बसण्याला ५ गुण, उठण्याला ५. हात, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी १ वजा. तोल गेला तर अर्धा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५१ ते ८० वयाची २,००२ माणसे होती. सरासरी सहा वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्या काळात १५९ वारली. कमी गुणवाल्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते, हे खरे. पण हिशेब करा. दोन हजारांतली अठराशेहून जास्त माणसे जिवंत होती. कमी गुण म्हणजे स्नायू, सांधे, तोल, वजन यांपैकी काहीतरी बिघडले असावे असा इशारा. आणि ज्याचे दोन्ही गुडघे झिजले आहेत त्याचे गुण कमी येणारच. ते गुडघ्याचे गुण झाले, आयुष्याचे नाहीत. मला स्वतःला दहापैकी सहा मिळाले. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी मला विचारू नये म्हणून आधीच सांगून टाकले. घरी एकट्याने करून बघू नका, एवढी विनंती.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, मग कोणतीच पट्टी नको. तसे नाही. सौ.च्या प्रकृतीत आठवड्याला काय होते ते मला एरवी कळलेच नसते. मी माझ्या मनःस्थितीप्रमाणे तिला बरी किंवा वाईट ठरवली असती. काही दिवस तसे केलेही. आणि या पट्ट्यांचीही तपासणी होते. नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१० च्या सुमारास एक तपासयादी तयार झाली, 'कॉस्मिन' नावाची. पट्टी जे मोजायचे तेच मोजते का, दोघांनी मोजले तर तेच येते का, माणूस बदलला की आकडा बदलतो का, हे ज्या अभ्यासांतून ठरवले ते अभ्यास धड आहेत का ते बघायची. म्हणजे ऑडिटरचे ऑडिट. मला हे वाचून फार बरे वाटले.

एक बोचणी मात्र आहे. बार्थेलच्या दहा बाबींची बेरीज करून एक आकडा काढतात, ते माझ्यातल्या बँकवाल्याला पटत नाही. आंघोळीचे ५ आणि जिन्याचे ५ ही एकाच चलनातली रक्कम आहे का? एका बाईला ८५ मिळाले कारण तिला आंघोळ, साडी आणि जिना जमत नाही. दुसरीला ८५ मिळाले कारण तिचा लघवीवरचा ताबा गेला आहे आणि जिन्यावर आधार लागतो. दोघींची घरे वेगळी, गरजा वेगळ्या. डॉलर आणि रुपये यांची बेरीज करून खाली एक आकडा लिहिला तर आमचे तपासनीस लाल शाईने गोल करत. म्हणून माझा नेम असा, की कोणी आकडा सांगितला की मी विचारतो, रकाने दाखवा. तुम्हीही विचारा. डॉक्टर रागावत नाहीत. एखादा रागावला तर समजून घ्या, त्याच्या बाहेर रांग असते.

आता जिना. आपल्या विंगमध्ये लिफ्टपासून खाली पार्किंगपर्यंत सहा पायऱ्या आहेत. स्टिल्टची इमारत, तेव्हा बांधताना कोणाच्या डोक्यात आले नाही. रेलिंग एका बाजूला, वर चढताना उजव्या हाताला. दुसऱ्या बाजूला विजेच्या मीटरची पेटी आणि कोरी भिंत. सौ.चा उजवा हात धड. म्हणजे चढताना तिला रेलिंग मिळते. आणि उतरताना? उतरताना तेच रेलिंग डाव्या हाताला येते, ज्या हाताला पकड नाही. रुग्णालयाच्या जिन्याला दोन्ही बाजूंना रेलिंग होते, म्हणून तिथे १० पैकी १०. आपल्या जिन्यावर ती वर येऊ शकत होती, खाली जाऊ शकत नव्हती. गंमत अशी, की वर यायला आधी खाली जावे लागते.

त्या मुलीने उपाय सुचवला, "काकू, उलट्या उतरा. पाठ पार्किंगकडे, उजव्या हाताने रेलिंग धरून, एकेक पायरी." सौ.ने साफ नाही म्हटले. लोक बघतील. त्या वर्षी गणपती पार्किंगमध्ये बसला होता आणि दहाही दिवस तिने आरती गॅलरीतून ऐकली. कोणी प्रसाद वर आणून देत होते. तिने तो खाल्ला, पण बोलली नाही. विसर्जनानंतर दोन दिवसांनी मला म्हणाली, "दुपारी दोन वाजता जिन्यात कोणी नसते." तेव्हापासून रोज दुपारी दोनला आम्ही जिना करत होतो. उलटे. मी दोन पायऱ्या खाली उभा, हात पसरून. वॉचमन तेवढा वेळ मुद्दाम गेटकडे तोंड करून बसायचा. त्याला कोणी सांगितले नव्हते.

कोजागिरीला ती खाली आली, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्यांना गुण देणारी पट्टी मी अजून बघितलेली नाही. पुढच्याच महिन्यात कमिटीने मीटरच्या पेटीच्या बाजूलाही पाइप बसवून दिला. सभेत एका सभासदाने विचारले होते की एका माणसासाठी खर्च कशाला. आज त्या पाइपला हात न लावता उतरणारे साठीच्या वरचे कोण आहेत, ते त्यांनी आठवडाभर उभे राहून मोजावे. मी मोजले आहे. त्या सभासदांचेही नाव माझ्या यादीत आहे, पाइप धरणाऱ्यांमध्ये.

बी आणि सी विंगमध्ये अजून एकाच बाजूला रेलिंग आहे. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय मी लेखी दिला आहे. अनुमोदक पाहिजे.

आणि एक. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता हॉलमध्ये मी तीन मीटरची रेघ मारून ठेवतो. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी तासभर येणार आहे, फी घेणार नाही म्हणाली, चहा मात्र चांगला हवा. ज्याला आपले सेकंद मोजून घ्यायचे असतील त्याने नेहमीच्या चपला घालून यावे, काठी असेल तर काठी आणावी. प्रत्येकाचे तीनदा मोजू आणि तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून देऊ. आकडे नोटीस बोर्डावर लागणार नाहीत, याची खात्री बाळगा. फक्त हातांची खुर्ची कोणी तरी घरून आणा. हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात नाहीत. सौ.ने पहिला नंबर लावून ठेवला आहे.